कुरडयांचा संदूक

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी बनवलेल्या संदुकाच्या झाकणावर आजही एक ठळक काळा बाण आहे. शेंद्र्याच्या आमच्या कंपनीत मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्याच फळ्या मी वापरल्या होत्या. खोकं उभं ठेवायची बाजू कळावी म्हणून तो बाण. माझ्या झाकणावर मात्र तो आडवा पडला आणि थेट न्हाणीघराकडे रोखला गेला. पाहुण्यांची सोय झाली.

संदूक आईच्या कुरडयांसाठी होता. त्या उन्हाळ्यात कुरडया वाळवून झाल्यावर ती म्हणाली, "ह्या शेवटच्या. आता सोऱ्या फिरवायला हातात जोर नाय." आईच्या शेवटच्या कुरडया तेलाच्या जुन्या डब्यात ठेवायच्या?

"अहो, डब्याचं झाकण घट्ट बसतं," बायको म्हणाली. "तुमचं बसेल?"

मी केलेला चपलांचा स्टँड तेव्हाही भिंतीला टेकून उभा होता, त्यामुळे मी सरळ रंधा काढला.

पण झाकण बसलं! रंधा मारून मारून खांदे भरून आले, तरी बसलं. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. फळ्यांना कीड लागेल या भीतीनं मी पाचोडच्या बाजारातून कडुलिंबाचं तेल आणलं. धान्यात आपण कडुलिंबाचा पाला घालतोच. मग तेल त्याहून गुणकारी. आतून दोन हात दिले, वर मायेपोटी तिसरा. बायको म्हणत होती, चार दिवस उन्हात तापू द्या. मला धीर नव्हता.

पोळ्याला पहिली कुरडई तळली. कढईत अशी फुलली, की मला भरून आलं. मग घास घेतला.

"छान झालीये," मी म्हणालो आणि चावत राहिलो.

तुकडा तोंडात टाकून आई थांबली. "व्हय रं, ही कुरडई हाय का काढा? आतून काय लावलंस?"

"कडुलिंबाचं तेल."

"अरं, ते मी म्हशीच्या गोचिडाला लावायची!"

बायकोनं हसू दाबायला तोंडात पुरणपोळी कोंबली, तरी ते बाहेर आलंच. आईही हसली. मला मात्र वर बघवेना. तिच्या हातच्या शेवटच्या कुरडया मी नासवल्या होत्या.

कुरडया गच्चीवर उन्हात घातल्या, काही उपयोग झाला नाही. मग शिक्षा म्हणून रोज जेवताना एक खाऊ लागलो. आई ते बघायची. संदुकात गोधड्या गेल्या. त्या पांघरून झोपलेल्या पाहुण्याला डास चावत नाही, पण सकाळी तो विचारतो, घरात कोणी आजारी आहे का?

पुढच्या चैत्रात आई म्हणाली, "गहू भिजू घाल."

"पण तू तर म्हणाली होतीस..."

"शेवटच्या म्हणून तसल्या कडू ठिवू व्हय? सोऱ्या तू फिरव. आन् तेलाच्या बाटलीला हात लावू नको."

गच्चीवर कापड अंथरून मी सोऱ्या फिरवला. खरं तर मी शरमेनं मान खाली घालायला हवी होती, पण मी मनातून लई खूश होतो, आणि त्याचीही टोचणी आहेच. माझी एकही कुरडई गोल आली नाही. आई काठी टेकत एकेक बघून आली.

"ह्या बी शेवटच्या नाय म्हणता यायच्या," ती म्हणाली. "पार वाकड्या झाल्यात."