विमलाबाई पोहोचेपर्यंतचा केर

कल्याणजवळच्या मोहन्याच्या मारुतीकाकांचा देवावर बेताचा विश्वास होता आणि काट्यावर पुरा. उभा जन्म कारखान्यात मीटर बघण्यात गेलेला. काटा दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. त्या गप्पांत बायकोचा, विमलाबाईंचा, एक नेम होता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. काका चिपळूणला गेले की घर तसंच. परत आल्यावर ते हमखास विचारत, "एसटीचा ब्रेक काय तुझ्या केरसुणीला बांधलाय?"

यंदा निघाल्या त्या विमलाबाईच. लेक रुचिता टोरांटोला, तिचं पहिलं बाळंतपण. टॅक्सीत बसताना त्या केराबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार? मुलगा सुशांत त्यांना विमानतळावर सोडून परस्पर डोंबिवलीला आपल्या घरी गेला.

फरशीवर डिंकाच्या लाडवांचा चुरा आणि सुतळीचे तुकडे पडले होते. कामवाल्या कांताने केरसुणी उचलली.

"राहू दे," काका म्हणाले.

"का हो?"

"कंबर दुखतेय."

"कोणाची?"

काकांनी तिला भांड्यांकडे पिटाळलं.

मग त्यांनी मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली. उत्तर हजर: अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेळ साडेपंधरा तास. आकडा मिळाला आणि काका निवांत झाले. विमान दुपारी चारचं, म्हणजे सकाळी साडेसातला पोहोचणार. मध्ये विमान बदलायचं हे त्यांना ठाऊक होतं; पण कल्याणला गाडी बदलतो तसंच ते, पूल ओलांडला की झालं.

सकाळी पावणेआठला त्यांनी स्वतः केर काढून डब्यात भरला. तेवढ्यात सुशांतचा फोन.

"बाबा, आई रात्रभर दुबईलाच बसलेली. दुसरं विमान आत्ता सुटलंय. रात्री पोहोचेल."

"पण मोबाइल तर साडेपंधरा तास म्हणाला."

"ते सरळ गेलं तर, बाबा. आपलं तिकीट तसं नाहीये."

विमलाबाई अधांतरी आणि घर लख्ख! त्यांनी दाराला कडी घातली, कचऱ्याचा डबा आणला आणि बाहेरच्या खोलीत उपडा केला. मग हाताने सगळं जिथल्या तिथे पसरलं. चुरा पलंगापाशी, सुतळी दारापाशी.

कांता आली. तिने फरशीकडे बघितलं, मग काकांकडे.

"कंबर?"

"हो."

ती आपणहून भांड्यांकडे गेली.

दिवसभर काका खुर्चीत पाय वर घेऊन बसले. लाडवाच्या चुऱ्याला मुंग्या लागल्या, त्यांनाही ते काही बोलले नाहीत. त्यांना भीती वाटत होती. लहान पोराला वाटते तशी, साधी भीती.

रात्री जेवणाची वेळ टळून गेल्यावर फोन वाजला.

"पोहोचले हो! रुचिता समोरच आहे. मी निघाल्या निघाल्या घर झाडलंत ना?"

"नाही."

"काय सांगताय!"

"म्हणजे एकदा झाडलं, चुकून. मग केर परत टाकला."

"कुठला?"

"डब्यातला."

विमलाबाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. रुचिता मागून काय झालं, काय झालं विचारत होती.

"अहो, डब्यात मेथीची देठं होती ना?"

"ती पण टाकली," काका म्हणाले.