या आठवड्याचे तीन

गुरुवार, दुसरा तास. वर्ग नववी. पटावर एकतीस, हजर एकतीस. फळ्याजवळ गणिताचे सर. दारात मी, मुख्याध्यापिका, हातात वही.

सरांच्या टेबलावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला होता. तो रोजच असायचा. त्यातलं पाणी सर कधी पीत नसत. शिकवताना दर दोन ओळींनी त्याच्याकडे बघत. तुम्ही वसमतकडचे असाल तर कारण सांगायला नको. आमच्याकडे जमीन गुरगुरते. पाणी आधी हलतं.

त्या महिन्यात हादरे फार झाले होते. खडू पडला तरी पोरं दचकायची. मग सरांनी त्याचंच गणित घातलं. पहिल्या आठवड्यात चोवीस, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात सहा. भिंतीवर आलेख लावला.

"निम्म्याचं निम्मं. घाबरायचं काहून?" हे त्यांचं पालुपद.

आलेख भरणारी पोरगी पहिल्या बाकावर बसायची. तिनं विचारलं होतं, "सर, शून्य कधी व्हतं?"

"शून्य व्हतच न्हाई, माय. सहाव्या आठवड्यात एकाच्या खाली जातं."

"अर्धा हादरा कसा राहील, सर?" मागून एकजण.

"तुझ्या अभ्यासावानी. हाये, पन कुनाला दिसत न्हाई."

वर्ग हसला. सरही हसले, पेल्याकडे बघत.

त्या गुरुवारी, चौथ्या आठवड्यात, पेला आडवाच झाला.

"बाहेर! दप्तरं राहू द्या!"

मैदानात मी मोजले. तीस. पुन्हा मोजले. तीसच. पत्रे अजून वाजत होते. सर आत धावले आणि त्या पोरीला दंडाला धरून घेऊन आले. तिच्या हातात पेन्सिल तशीच होती.

"येडी का गं? काहून बसली?"

"सर, ह्या आठवड्याचे तीन झाले व्हते. मला वाटलं, चौथा येनारच न्हाई."

सर मातीतच बसले. "मॅडम, मीच बसवलं तिला," एवढंच म्हणाले.

ते पालुपद नंतर कधी ऐकलं नाही. गणित मात्र सर शिकवत राहिले. प्रत्येक उदाहरणाखाली लिहायचे, "हे कागदावर. जमीन हलली की पळायचं."

मे महिन्यात ते निवृत्त झाले. पेला आता माझ्या टेबलावर असतो. भरते, पीत नाही.

वहीतली निरोपाची यादी: शाल, झाली. फोटो, झाला. कपाटाच्या चाव्या, मिळाल्या. आलेखावर चौथ्या आठवड्याचे तीन खोडून चार करणे, राहिलं. त्या पोरीला दोनदा सांगितलं. ती भिंतीकडे जात नाही. मीही अजून गेले नाही.