पाठ टेकताना

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एमएमएचा, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा सारे चालणाऱ्या लढतीचा वर्ग आहे. काल संध्याकाळी जिना चढण्यापूर्वी मी दाराशी थांबलो. लाल मातीत घडलेला एक पैलवान एका सडपातळ मुलाशी झुंजत होता. पडता पडता त्याने सवयीने अंग वळवले आणि तो पालथा झाला. मुलाने मागून अलगद त्याच्या गळ्याला विळखा घातला. पैलवानाने मॅटवर थाप मारून हार मानली.

"पैलवान, पाठ टेकवा की," प्रशिक्षक म्हणाले. "मातीत पाठ टेकली की हार. इथं पाठीवर पडूनही लढता येतं."

"कळतंय सर, पण अंग ऐकत नाही. लहानपणापासून तेवढीच राखलीय."

एवढे बळ, आणि ते सारे पाठ राखण्यात खर्ची पडलेले. गळा मात्र उघडाच. मीही घरातल्या प्रत्येक वादात असाच वळून निसटत आलो, आणि त्यालाच स्वाभिमान म्हणत आलो. सकाळच्या भांडणातही चूक माझीच होती.

वर पत्नी कोथिंबीर निवडत होती. 'चुकलं माझं' एवढेच म्हणायचे होते. जिन्यात ते मी मनाशी म्हणूनही पाहिले होते.

"चहा ठेवू?" तिने वर न बघता विचारले.

"ठेव," मी म्हणालो.

खालून मॅटवर कुणी पडल्याचा आवाज आला. उताणा पडला की पालथा, ते वरून कळत नव्हते.