मास्तरांचा सावकाश राग

आमच्या बँडच्या मास्तरांना राग आला की ते हळू बोलायचे. राग जितका मोठा तितकं बोलणं सावकाश. बाकीची माणसं रागावली की शब्दावर शब्द आपटतात. मास्तर एक शब्द ठेवायचे, थांबायचे, मग दुसरा ठेवायचे. "काशा... तुजा... ढोल... सैल... हाय." एवढं पुरं होईपर्यंत माझ्या कपाळाचा घाम हनुवटीला यायचा. खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या आमच्या तालमीच्या खोलीत ज्यांनी त्यांच्या हाताखाली वाजवलं त्यांना हे पटेल. बाकीच्यांनी माझ्यावर भरवसा ठेवावा. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण खोटं लिहायला चौथीतही शिकवत नसावेत.

मी खोपोलीजवळच्या एका गावचा. पावसाळ्यात भाताची लावणी, आणि लग्नसराईत मोठा ढोल पोटावर. मास्तर ट्रंपेट वाजवायचे आणि वाजवायचेही चांगलं, पण त्यांचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच गोष्टीने. मारुतीच्या देवळातून निघालेला नवरदेव ते बरोबर मुहूर्तावर मांडवात उभा करायचे. ना पाच मिनिटं आधी, ना नंतर. सकाळीच देऊळ ते मांडव पायी चालून यायचे. मिरवणूक निघाली की मधूनच सायकलवर पुढे जाऊन बघायचे, भटजी आले का, भात शिजला का, नवरी तयार आहे का. परत येऊन मला बोटाने खूण करायचे. भात कच्चा असला तर चाल संथ. भटजी घड्याळ बघायला लागले असले तर चाल जलद. वऱ्हाडाला वाटायचं आपण आपल्या मनाने नाचतोय.

"घोड्याचा लगाम धरनाऱ्याला वाटतं मिरवनूक तो नेतो," मास्तर म्हणायचे. "मिरवनूक ढोल नेतो रं."

ढोल म्हणजे मी. हे मी विसरलो नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

खोलीत मास्तरांचा एक रेकॉर्डप्लेअर होता. सिनेमाच्या बारक्या तबकड्या लावायच्या आणि गाणी बसवायची, अशी आमची शाळा. बारकी तबकडी भराभर फिरते, मोठी सावकाश, म्हणून त्या पेटीला वेग बदलायचा एक खटका होता. आमची पोरं येताजाता तो खटका हलवायची. एकदा बासरीवाल्याने विरहाचं गाणं असं पळवलं की गाणारी बाई पाण्याच्या रांगेत भांडतेय असं वाटलं. मास्तरांनी त्याच दिवशी लाख वितळवली आणि खटका बारक्या तबकडीच्या वेगावर चिकटवून टाकला. म्हणाले, "आता ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाय." ही लाख लक्षात ठेवा.

त्या वर्षी खोपोलीच्या एका कारखान्यातला गोरा साहेब मायदेशी परत गेला. माझा मेहुणा त्याच्या बंगल्यावर माळी होता. साहेबाने जाताना त्याला दोन कुंड्या, एक छत्री आणि एक मोठी इंग्रजी तबकडी दिली. मेहुण्याने कुंड्या आणि छत्री ठेवली, तबकडी मला दिली. वेष्टनावर चार केसाळ माणसं होती. चेहरे असे, की पंगतीत पान मांडून झाल्यावर कुणीतरी त्यांना उठवलंय.

मास्तरांच्या पेटीवर ती लावली आणि खोलीच्या पत्र्यावरून कावळे उडाले. काय तो आवाज! गिटारी करवतीसारख्या, ढोलवाला उखळात बसल्यासारखा, आणि गाणारा तर शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटत होता. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण राग कळायला भाषा लागत नाही. मी तर खूश झालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखा माणूस मी ऐकत होतो.

मास्तर दोन्ही बाजू डोळे मिटून, चपलेचा अंगठा हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "ढोलवाला जातिवंत हाय. उगाच टिपरं मारत नाय, मारला तर घाव मारतो. गिटारीत बळ हाय. पयलं गानं चांगलं. दुसरं बी चांगलं. तिसरं म्हंजे पयलंच, टोपी घालून आलंय. चौथ्यात मदीच सगळे गप बसतात बग, ते लई चांगलं. राग दाकवायचा तर गप बसता आलं पायजे."

"आनि गाणारा?" मी विचारलं.

"तो रागात नाय. घाईत हाय."

"मास्तर, छत फाटायची बारी आली, आनि रागात नाय म्हंता?"

"खरा राग आलेला मानूस एवढा भराभर बोलत नाय, काशा. याला कुटंतरी जायाचंय."

मी वाद घातला. ढोलाबद्दल त्यांचं सगळं पटलं होतं, म्हणून तर गाण्याबद्दल पटेना. आठवडाभर आमचं तेच चाललं. पहिल्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा मी पोरांकडून गुपचूप बसवून घेतला. मास्तरांना कळलं तेव्हा एवढंच म्हणाले, "खोलीत वाजवा. रस्त्यावर नको."

वैशाखात कर्जतला भिसेगावात लग्न होतं. मारुतीपासून मांडव चांगला लांब. निम्म्या वाटेवर मास्तर सायकलवर पुढे गेले आणि माझ्या हातांना खाज सुटली. मी पोरांना खूण केली. तुकडा सुरू झाला, मी घाव घातला, आणि वऱ्हाड पेटलं. नाचता नाचता चालायला लागलं, चालता चालता पळायला लागलं. घोडा बिचारा समजूतदार, पण मागून ढोल आल्यावर तोही किती दम धरणार? म्हाताऱ्या आत्याबाईंनी नऊवारीचा ओचा खोचला आणि घोड्याच्या पुढे गेल्या. मला थांबता येईना. खरं सांगायचं तर मला थांबायचं नव्हतं.

मुहूर्ताच्या तासभर आधी नवरदेव मांडवाच्या दारात उभा राहिला. बाशिंग एका कानावर. आत नवरीचा बाप बनियनवर, अर्ध्या गालाला साबण. भटजींचा पत्ता नाही. ओवाळायला कुणी नाही म्हणून एक बाई हातात होता तो तांब्या घेऊन बाहेर आली, आणि व्याह्यांनी तो अपमान धरला. वरमाय म्हणाली, "आमाला काय जेवायची घाई झाली म्हनून आलो का?" पुढचा तासभर दोन्हीकडची माणसं भर उन्हात एकमेकांच्या सात पिढ्या काढत होती.

भटजींना आणायला गेलेले मास्तर भातखाचराच्या बाजूने सायकल ढकलत आले. माझ्यासमोर उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता एकदाचं ओरडा.

"ढोल..." मास्तर म्हणाले. एक चिमणी मांडवावरून उडून समोरच्या आंब्यावर गेली. "...खाली..." चिमणी परत आली. "...ठेव."

मी ठेवला. मला काढलं असं लोक म्हणतात. मला कुणी काढलं नाही. मी ठेवला आणि घरी गेलो, तबकडी खोलीतून उचलून. त्यानंतर पुष्कळ वर्षं मी शिळफाट्याला जायचं असलं तर बाजाराच्या मागून जायचो. बँड लांबून ऐकू यायचा. नवा ढोलवाला अर्धा ठोका मागे असायचा. मला बरंही वाटायचं आणि वाईटही.

तबकडी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. पुढे माझ्या मुलीचं लग्न झालं. जावई कारखान्यात, घरात नवं मशीन. एकदा मी तबकडी घेऊन गेलो, म्हटलं बघा, याला राग म्हणतात. जावयाने लावली. आणि आतून भलताच माणूस बाहेर आला. जाड, खोल आवाजाचा. एक शब्द ठेवायचा, थांबायचा, मग दुसरा ठेवायचा.

"जावईबापू, तुमचं मशीन बिगडलंय."

"नाय मामा, मोठ्या रेकॉर्डचा वेग हाच. हे बघा, मदल्या कागदावर आकडा छापलाय."

मी बसून दोन्ही बाजू ऐकल्या. ढोल ठेव म्हणणारा माणूस माझ्यासमोर गात होता. मास्तरांनी चुकीच्या वेगावरसुद्धा बरोबर ओळखलं होतं, की हा राग नाही, घाई आहे. घाई लाखेची होती.

दुसऱ्या दिवशी तबकडी काखेत मारून मी शिळफाट्याला गेलो, या खेपेला बाजारातून. मास्तर खोलीच्या ओट्यावर बसले होते. पुढचे दात गेले होते, म्हणजे ट्रंपेट गेला होता. ओठांना टेकायला काही नसलं की फुंकर नुसती वारा होते. मी माफी मागायला गेलो नव्हतो. आमच्यात ती पद्धत नाही.

"मास्तर, पेटीची लाख काडा."

"का?"

"तुमी खटका चिकटवला म्हनून गाणारा घाईत होता."

"म्हंजे भिसेगावची चूक माजी?"

"निम्मी."

त्यांनी आतून सुरी आणली. दोघांनी मिळून लाख खरवडली. पहिलं गाणं लागलं. चपलेचा अंगठा हलायला लागला, आणि मास्तर बोळक्या तोंडाने हसले. "आता रागावला बग हा." दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं तसा त्यांनी हात उचलला. "हे मातर अजून तसंच भिकार हाय." मला त्या दिवशी वाद घालावासा वाटला नाही. तिसरं गाणं खरंच भिकार आहे.

जाताना म्हणाले, "काशा, ढोल कोपऱ्यात हाय. सैल झालाय."

मी तो आवळला, आणि पुढच्या लग्नसराईत पोटावर बांधला. मास्तर खुर्ची टाकून खोलीतच बसायचे, मिरवणूक मी न्यायचो. ढोल घटकाभर पोरांकडे द्यायचा आणि सायकलवर पुढे जाऊन भात बघून यायचं, हेही माझ्याकडेच आलं.

मास्तर गेले ते ऐन उन्हाळ्यात. बँडच्या पोरांनी ठरवलं, वाजवतच न्यायचं. ढोल माझ्या पोटावर. पहिल्या गाण्याचा तोच तुकडा आम्ही खऱ्या वेगाने काढला. एक घाव, मग थांबायचं, मग दुसरा. डांबर तापलं होतं. खांदेकऱ्यांतला एकजण मागे वळून म्हणाला, "काका, पाय भाजतायत, जरा चाल वाढवा की!" मास्तरांचा थोरला मुलगाही म्हणाला, "काका, लाकडं रचून तयार हायत. सगळे खोळंबलेत."

"खोळंबू दे," मी म्हटलं.

भिसेगावात मी एकाला तासभर आधी पोचवला होता. मास्तरांना मी लवकर पोचवणार नव्हतो. हात वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. पोरं गप, खांदेकरी गप. मग घाव टाकला, आणि सगळी मिरवणूक एक पाऊल पुढे गेली.