मुक्कामी गाडी आणि आईची झोप

भूकंपात आमचं घर पडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी लातूरकडची म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात आणि मग मलाच त्यांची समजूत घालत बसावं लागतं. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात भिंतींना तडे गेले, दोन गोठे बसले, शेजाऱ्यांची एक म्हैस गेली. माणसं सगळी राहिली. पण आईची झोप त्या पहाटे जी गेली, ती गेलीच.

तिनं घरात निजणं सोडलं. अंगणात पत्र्याचं शेड उभं करायला लावलं आणि रोज उशाशी उपडं ताट, ताटावर तांब्या, तांब्यावर फुलपात्र अशी उतरंड रचायला लागली. जमीन जरा जरी हलली तरी फुलपात्र वाजलं पाहिजे. जमीन काही हलायची नाही, मांजर हलायचं. भांडं वाजलं की आई आम्हाला दंडाला धरून शेडमधून अंगणात ओढायची. वडील म्हणायचे, "भूकंपानं नाही मेलो, पण जागरणानं मरणार." त्यावर ती चिडायची. खरं तर आम्ही तिच्यावर चिडायचो आणि मग आम्हालाच वाईट वाटायचं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि भाकरी थापता थापता ती डुलकी घ्यायची. डोळा लागला की दचकून जागी.

अशात मी दहावी झाले, तेही चांगल्या मार्कांनी. लातूरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. एकेका खोलीत चार-चार पोरी कॉट टाकून राहायच्या, कुणी नांदेडची, कुणी मुखेडची. मी डॉक्टर होणार हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मला फक्त शिकायचं होतं आणि गावातून बाहेर पडायचं होतं. वडील तयार होते. आई म्हणाली, "शिक की. न्हाई कोण म्हणतंय? पण दुसऱ्याच्या स्लॅबखाली निजायचं न्हाई. दिवस बुडायला माझ्या डोळ्यासमोर पाहिजेस."

म्हणजे रोज जाऊन येऊन शिकायचं. ते जमलं केवळ मुक्कामी गाडीमुळे. संध्याकाळी लातूरहून येणारी एसटी आमच्या गावात मुक्कामाला थांबायची आणि सकाळी सहाला परत लातूरला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच निजायचे. मला विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास होता, अगदी थोड्या पैशांत महिनाभर जाणं-येणं. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी त्याच गाडीनं घरी. काळी-पिवळी जीपही होती, पण जीपला पास चालत नव्हता आणि माणसं कोंबून भरल्याशिवाय ती जागची हलत नव्हती. रोज पूर्ण भाडं भरून पोरगी शिकवायची आमची ऐपत नव्हती.

अकरावीच्या दिवाळीनंतर कंडक्टर स्टँडवर सगळ्यांसमोर म्हणाला, "या गाडीला भारमान न्हाई. रिकामी पळायलीय. पंधरा दिवस बघणारेत, न्हाई जमलं तर मुक्काम बंद."

भारमान म्हणजे गाडीत माणसं किती बसली त्याचा हिशेब. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गाडी बंद म्हणजे माझं कॉलेज बंद, इतकं सरळ होतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भाकरी थापत राहिली. मला तिचा इतका राग आला की मी संध्याकाळी जेवले नाही. सगळ्या पोरी लातूरात खोल्या करून राहतात, आणि माझं शिक्षण एका फुलपात्रावर अडलंय, असं मी तिला तोंडावर बोलले. तिनं उतरंड रचली.

गावात बैठक बसली. शेजारचे आबा पुढारी. ते निजामाच्या वेळचे स्वातंत्र्यसैनिक, त्यांना सरकारनं फुकट प्रवासाचा पास दिलेला. त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापासून गाडी भरून गेली पाहिजे. एक सीट रिकामी दिसता कामा नये."

आणि गाडी भरली! शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, आबा, आबांचे दोन सोबती, सगळे रोज हजर. काही पोरं तर लातूरात काही काम नसताना नुसती बसून यायची. माणसं उभी राहायला लागली. जे तिकीट काढून जाणारे होते, व्यापारी, बाजारकरी, त्यांनी मोठ्या मनानं जागा सोडली. "आम्ही जातो जीपनं, पोरांना बसू द्या, भारमान झालं पाहिजे," असं म्हणत ते जीपकडे जायचे. आमच्या गावाचा समजूतदारपणा हा असा. मीही सीट मिळाल्यावर मनातल्या मनात त्यांचे आभार मानायची.

सातव्या दिवशी कंडक्टरनं कपाळाला हात लावला. तिकिटांचा ट्रे उघडून त्यानं आबांसमोर धरला. "आबा, हे बगा, गठ्ठे तसेच हायत. समदी पासवालीच भरलीत तुम्ही. पास फाटत न्हाई, तिकीट फाटतंय."

"मग आम्ही काय माणसं न्हाई?" आबा तापले. "सरकार भरतंय की आमचे पैसे."

"भरतंय वो. पण ते वरच्या वर. माझ्या ह्या कागदावर तुम्ही बसलेलेच न्हाईत."

गाडी गच्च भरलेली आणि कागदावर रिकामी. आठवडाभर आम्ही कष्टानं ती बंद पाडत होतो. मला हसू येत नव्हतं, आज येतं.

त्या संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. तिनं दोनदा विचारून घेतलं की तिकीट काढलं तरच माणूस धरतात का. मग ती उठली आणि दारोदार गेली. भूकंपानंतर ती कुणाच्या घरात पाऊल ठेवत नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहून बायांना हाका मारायची. "तुला दात दाखवायचाय ना? मग लातूरला दाखव. तुला लुगडं घ्यायचंय ना? या आठवड्यात घे. पण जीपनं जाशील तर बग!" आबांनाही तिनं सोडलं नाही. "आबा, तुम्ही आठ दिवस घरी बसा. लई सेवा केली देशाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्टँडवर अकरा बाया उभ्या होत्या, आणि त्यांच्यात आई. तिचं लातूरात काडीचं काम नव्हतं. पण तिकीट काढायला लावणारीनं आधी स्वतः काढायला नको का, असं तिचं म्हणणं. दाराशी मात्र तिचा पाय अडखळला. वर टप बघितलं, दांडा हातानं हलवून बघितला. "जुनी हाय गं ही," म्हणाली. मी म्हटलं, "माय, बस आता." तिनं खिडकीची जागा घेतली आणि पूर्ण तिकीट काढलं. ते तिनं मुठीत धरून ठेवलं.

गाडी निघाली. आमच्या त्या गाडीत वाजत नव्हतं असं काहीच नव्हतं. काचा, सीटा, पत्रा, टपावरचं स्पेअर टायर. मी आईच्या तोंडाकडे बघत होते, कारण मला वाटलं आता ही ओरडून उठणार आणि माझा दंड धरून रस्त्यावर उडी मारणार. चार-पाच किलोमीटर गेल्यावर ती म्हणाली, "ही हलती, पण पडत न्हाई."

थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

मी हललेच नाही. खड्डे आले, गाडी आदळली, बाया जोरजोरात हसत होत्या, काच माझ्या कानापाशी थडथडत होती, आणि आई झोपली होती. दचकणारी डुलकी नव्हे, तोंड थोडं उघडं टाकून, घोरत. लातूर आलं, सगळे उतरले. कंडक्टर जवळ आला, बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "निजू दे मावशीला. गाडीला टाइम हाय." माझा पहिला तास बुडाला. मी त्या रिकाम्या गाडीत बसून रडले. दोन वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तिला तोंडावर बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं, पण तिला उठवायचं नव्हतं.

ती पुढचे सगळे दिवस आली. कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बसून राहायची, इमारतीत यायची नाही. पण जाताना झोप आणि येताना झोप. पंधरवडा संपला तेव्हा कंडक्टरनं स्टँडवर उतरायच्या आधीच खिडकीतून ओरडून सांगितलं, "ऱ्हायली! गाडी ऱ्हायली!" आबांनी गूळ वाटला. गाडी आपल्या पासामुळेच राहिली, असं ते मरेपर्यंत सांगत होते.

डॉक्टर काही मी झाले नाही, तितके मार्क पडले नाहीत. मास्तरीण झाले आणि नांदेडला घर केलं. त्या पंधरवड्यानंतर कधीतरी आईची उतरंड बंद झाली, नक्की कधी ते आमच्या लक्षातही आलं नाही. एका दिवाळीला तांब्या आणि फुलपात्र फडताळात दिसले, इतकंच.

गेल्या वर्षी मी तिला नांदेडला आणायला गेले. पंच्याहत्तरी झाली तिची, आता तिला एसटी फुकट. तिकिटाचं मशीन घेऊन कंडक्टर पोरगी आली. आईनं कार्ड दाखवलं. पोरगी म्हणाली, "आजी, तुम्हाला पैसे न्हाईत." आणि पुढे निघाली. आईनं तिचा हात धरला.

"पैसे न्हाईत ते ठाव हाय. तिकीट दे."

पोरगी हसली. "देतेच आजी, पुढच्यांचं झालं की." पण आई हात सोडेना. शेवटी मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघालं. आईला वाचता येत नाही. तिनं ते उलटसुलट करून बघितलं.

"यात माणूस धरलं का?"

"धरलं आजी."

आईनं तिकिटाची घडी करून कनवटीला खोचली, खिडकीला डोकं टेकलं, आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत झोपून गेली.