उसनी हजेरी

वॉर्डात सगळे तिला मिनिट म्हणत. कुठल्याही खाटेवरून हाक आली की तिचं उत्तर ठरलेलं, "आलेच एका मिनिटात." आणि खरंच यायची, हे विशेष. चौदा वर्षं ती त्या इस्पितळात आया होती. बेडपॅन, चादरी, आंघोळी, गेलेल्या माणसाचे डोळे मिटवणं, सगळं तिच्याकडे. शीर सापडेना म्हणून नवी सिस्टर रडकुंडीला आली की मिनिट शेजारी सरकून पुटपुटायची, "मनगटाच्या जरा वर बघा ताई, अंगठ्याच्या बाजूला." सुई तिथंच बसायची. सुईला हात लावायची परवानगी मात्र मिनिटला नव्हती.

ती सुई आपल्या हातात यावी, एवढंच तिचं म्हणणं. त्याला नर्सिंगची पदवी हवी आणि पदवीला सायन्सची बारावी. ती तिनं तिसाव्या वर्षी, भाचीच्या वयाच्या पोरांच्या बाकावर बसून, फिजिक्समध्ये एकदा आपटी खाऊन पदरात पाडली. आता चौतिसावं सरत आलं होतं आणि पस्तिशीनंतर कुठलंच कॉलेज घेत नव्हतं. म्हणजे हेच वर्ष.

सरकारी कॉलेजात फी नावापुरती, पण तिथली यादी तिच्या एकोणीस नंबर अलीकडेच संपली. खासगीत जागा मिळाली. तिथली फी ऐकून तिचा नवरा, जो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणाला, "चार वर्षांची सांगतायत की चार जन्मांची?" मग तिनं चपला झिजवल्या. बँकेतल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि स्वतःचं घर असलेला जामीन मागितला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या ओळखीपाळखीही भाड्याच्या खोल्यांतच असतात. शिष्यवृत्तीला वयाची अट पंचवीस. एका ट्रस्टनं सगळीच्या सगळी फी भरायची तयारी दाखवली, पण फक्त विधवांची.

"मग काय, मरू मी?" नवऱ्यानं ब्रश धुता धुता विचारलं.

"मुदत सोमवारपर्यंतच होती. तुझं कुठलं काम कधी वेळेत झालंय?"

दोघंही खो खो हसली. मग ब्रशचा रंग पूर्ण निघेपर्यंत तो पाणी बदलत राहिला.

आणि तशात इस्पितळातच नोटीस लागली. यंदापासून दरवर्षी एका आयेची पूर्ण फी इस्पितळ भरणार, शिकून आल्यावर तिनं पाच वर्षं इथंच नोकरी करायची. अट एकच, मागची पाच वर्षं अखंड सेवा. बारावी सायन्स झालेली आया अख्ख्या इस्पितळात एकच. वॉर्डानं तिला त्याच दुपारी सिस्टर करून टाकलं.

"सिस्टर, माझ्या खाटेची चादर बदलता का जरा?" शिडी मोकळ्या खाटेवर आडवी होऊन ओरडली. शिडी म्हणजे मिनिटची जोडीदारीण. इतकी उंच, की सलाइनची बाटली स्टुलाशिवाय उतरवायची.

"ऊठ गं म्हशे, मोडेल ती खाट," मिनिट म्हणाली. पण कान लाल झाले होते तिचे.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन ती ऑफिसात गेली. क्लार्ककाकांनी जुनी मस्टरं काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ही काय भानगड? चार वर्षांपूर्वी बावन्न दिवस बिनपगारी गैरहजर?"

"किती?"

"बावन्न. एका वर्षात तिसाच्या वर गेलं की सेवा खंडित धरतात, बाई. कुठं होतात एवढे दिवस?"

त्या बावन्न दिवसांत मिनिट एक दिवसही घरी नव्हती.

शिडी तेव्हा ठेकेदाराकडून कामाला होती. ठेक्यावरची बाई सलग सात दिवस आली नाही, की तिचं नाव कटलंच. सातव्या महिन्यात शिडीला रक्त जायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, खाटेवरून पाय खाली टेकवायचा नाही. आयांनी मग त्यांचा नेहमीचा उपाय काढला. कायम नोकरीतल्या एकीनं कामावर यायचं, पण सही ठेकेदाराच्या वहीत शिडीच्या नावानं ठोकायची. स्वतःच्या मस्टरवर त्या दिवशी गैरहजर. शिडीचा पगार आला की तिनं तो पाकिटात घालून सही करणारीला द्यायचा. याला त्या उसनी हजेरी म्हणत. कुणाचं आजारपण, कुणाचं बाळंतपण, सगळं असंच निभावलेलं. एरवी प्रत्येकीच्या वाट्याला दोनचार दिवस यायचे. त्या साली मात्र बाकीच्यांच्या पोरांना गोवर निघाला, ज्यांच्या त्यांच्या रजा संपल्या. मिनिटला मूल नव्हतं. "मी करते की," ती म्हणाली होती. शिडीची पोरगी आता शाळेत जाते.

"बाई, मी काय विचारतोय?"

इथंच होते म्हणावं, तर खोटी सही बाहेर येणार. शिडीला गेल्या वर्षी कायम केलं होतं ते ठेक्यावरच्या त्याच सलग वर्षांच्या जोरावर. तिची नोकरी जाणार, पाठोपाठ मिनिटचीही.

"आजारी होते," ती म्हणाली.

"दाखला?"

"नाही काढला."

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. पण मस्टर मिटलं त्यानं.

तेव्हाच्या वॉर्डाच्या सिस्टर आता मेट्रन झाल्या होत्या. मिनिट त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"मॅडम, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तुमच्या डोळ्यांदेखत मी रोज..."

"मी तेव्हा काही बघितलं नाही, म्हणून तुमचं निभावलं," मेट्रन म्हणाल्या. "आता बघितलं होतं म्हणून लिहून देऊ?" त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मला निवृत्तीला सात महिने राहिलेत गं."

वॉर्डाच्या दाराशी शिडी वाटच बघत होती. ऑफिसातली गोष्ट जिना चढून मिनिटच्या आधी वर पोचली होती.

"माझं नाव घेतलंस?" शिडीनं विचारलं.

"नाही."

शिडीनं श्वास सोडला. एवढी उंच बाई, पण त्या श्वासासरशी बोटभर खाली आल्यासारखी दिसली. तो श्वास मिनिटला ऐकू गेला, आणि तिला तो ऐकू गेलाय हे शिडीलाही कळलं.

"चहा आणू तुला?"

"आण."

फॉर्मची तारीख गेली. कॉलेजनं जागा दुसऱ्या कुणाला दिली. फॉर्म मिनिटच्या एप्रनच्या खिशात तसाच राहिला, दोन वेळा घडी घातलेला.

पुढच्या आठवड्यात ठेक्यावरची नवी पोरगी चादरींच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. पित्ताशयातला खडा काढायचा, म्हणजे तीन आठवडे तरी घरी. बाकीच्या आया तिच्याभोवती जमल्या.

"कोण किती दिवस देतंय?" एकीनं विचारलं.

पूर्वी बोटं मोजायला वेळ लागत नसे. आज प्रत्येकीचं काहीतरी निघालं. "माझी धाकटी बहीण म्हणते, मीपण बारावीला बसावं," एक म्हणाली. "मला सेवा अखंड ठेवली पाहिजे." दुसरीला तेवढ्यात आठवलं, की तिच्या रजा यंदा आधीच संपल्यात. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे एका जागी आले.

"मिनिट, तुझं काय," जुन्यातली जुनी आया म्हणाली. "तुझं तर तुटलेलंच आहे."

टोमणा नव्हता तो. चिरलेली बादली फरशी पुसायला घ्या, असं म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली. शिडी एकच चादर तिसऱ्यांदा घडी करत होती. तिनं वर बघितलं नाही.

पोरगी मिनिटकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"सही कशी करतेस तू?" मिनिटनं विचारलं.

पोरीनं पेन घेतलं, पण खोलीत कागद नव्हता. मिनिटनं एप्रनच्या खिशातून फॉर्म काढला, घडी उघडली आणि पाठीमागची कोरी बाजू पुढे केली. पोरीनं त्यावर सही केली, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून. मिनिटनं खाली तीच गिरवली. एकदा. शेपटी नीट येईना, म्हणून पुन्हा एकदा.