भावाने न दिलेलं रक्त

शहापुरात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आमच्याकडच्या बायका अंगाचं माप देत नाहीत. घरातलं नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज पिशवीत घालतात, कुणाच्या तरी हाती पाठवतात आणि निरोप देतात, "मापाला हे घे." मी ते टेबलावर पसरायची, टेप लावायची, झालं. बाईला हात लावायची वेळ यायची नाही. त्यांना ते बरं वाटायचं आणि माझाही वेळ वाचायचा. ही पद्धत सोयीची आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

माझी मोठी बहीण, आक्का, टोकावड्याच्या पुढच्या एका गावात दिलेली. तिची सगळी ब्लाऊजं मीच शिवायची. एका दिवाळीच्या आधी तिचं मापाचं ब्लाऊज आलं. आत चिठ्ठी टाचलेली होती, "डाव्या काखेत जरा ढिलं कर." मी अर्धा इंच ढिलं केलं. होळीच्या सुमाराला पुन्हा तेच, पुन्हा फक्त डावी बाजू. आत राखलेलं कापड मी सोडलं आणि वरून शिलाई मारली. भातलावणीच्या आधी तिसऱ्यांदा पिशवी आली. आता सोडायला कापड उरलं नव्हतं, म्हणून काखेत पट्टी जोडली. रंग जुळवून, सफाईने जोडली. फोनवर मी तिला म्हटलंसुद्धा, "काय गो आक्का, एकाच अंगानं जाडी व्हतेस काय?"

ती हसली. म्हणाली, "भाऱ्याचा मार लागलाय, सुजलंय जरा. उतरल."

माणूस दोन्ही अंगांनी सारखं सुटतं, हे इतकी वर्षं टेप धरणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. मला कळत होतं. मी विचारलं नाही. मी पट्टी जोडली.

भाऱ्याचा मार हे आमच्या घरातलं जुनं उत्तर आहे. कापलेल्या भाताचा भारा डोक्यावरून उतरवताना छातीला लागतो, तिथे रक्त साकळतं, गाठ धरते आणि काही दिवसांनी जिरते, असं सगळ्या बायका एकमेकींना सांगतात. आमच्या आयला गाठ आली तेव्हा तिने तिच्यावर बिब्बा घातला. कातडी भाजली, गाठ तशीच राहिली. तिला जाऊन सत्तावीस वर्षं होतील. आजही भावकीत कुणाला विचारा, ती भाऱ्याच्या मारानेच गेली असं सांगतील.

आक्काला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा काखेतही गाठी झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "घरात आधी कुणाला झालं होतं?"

"नाय. कुनालाच नाय," आक्का म्हणाली.

"आयला गाठ होती," मी म्हटलं.

"तिला मार लागला व्हता."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. "आणखी कुणी?"

"एक मावशी लवकर गेली. पन तिला वासरानं लाथ मारलेली," आक्का म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या घरात बायकांना फार मार लागतो हो."

मला हसू आलं. आक्काला नाही आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर डाव्या बाजूला ओढून घेतला.

त्यांनी तिचं रक्त घेऊन जनुकांची तपासणी करायला सांगितली. महिन्याभराने रिपोर्ट आला. दोष होता आणि तो आयकडूनच आला असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. आईत हा दोष असेल तर तिच्या प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. मुलाला स्वतःला त्रास होण्याची भीती कमी, पण तो पुढे आपल्या मुलींना देऊ शकतो. ज्याच्यात दोष नाही, त्याच्या मुलांना तो त्याच्याकडून मिळत नाही. म्हणजे आता मी तपासायचं आणि माझ्या भावानेही.

आक्का त्यानंतर चौदा महिने जगली. त्यातल्या चांगल्या महिन्यांत ती मला सारखं विचारायची, "तू पयल्याच टायमाला का नाय इचारलंस गो?" रागाने नाही. खरोखर कळून घ्यायचं असावं तसं. तिने विचारणं सोडलं नाही.

माझ्या रक्तात दोष निघाला. दर वर्षी छातीची तपासणी सुरू झाली. दुसऱ्या वर्षीच मसुराच्या डाळीएवढी गाठ दिसली. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं तरी माझ्या हाताला ती लागेना. मशीनला दिसली म्हणून दिसली. गाठ काढली. मग मीच सांगितलं, दोन्ही बाजू काढून टाका, अंडाशयंही काढा. आता माझी ब्लाऊजं सरळ कापडाची असतात. छातीला टक्स घालावे लागत नाहीत, शिलाईचा वेळ वाचतो. दुकानात येणाऱ्या एकीने विचारलं, "असं कापून घ्यायला मन कसं झालं?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला विचार जाऊन." ती पुन्हा आली नाही.

तेव्हापासून मी मापाला आलेलं जुनं ब्लाऊज घेत नाही. बाईने स्वतः यायचं, पडद्याआड उभं राहायचं, मी हाताने माप घेणार. निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांपैकी दोघींना मी तपासायला पाठवलं. एकीचं काहीच निघालं नाही आणि ती माझ्यावर चिडली. दुसरीचं निघालं, तीही चिडली.

आता भावाचं. तो माझ्याहून धाकटा, सापगावात घर, वाशिंदच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याला दोन मुली. मोठी पंचवीसची, धाकटी एकोणीसची. त्याने एक नळी रक्त द्यायचं होतं. दोष नाही असं निघालं तर दोघी मुली मोकळ्या. निघालाच तर दोघींनी वेळेवर तपासून घ्यायचं. आक्काच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर मी त्याला बाजूला घेऊन हे सांगितलं.

"मी काय बाई हाय?" तो म्हणाला.

"तुझ्यासाठी नाय. पोरींसाठी."

"बायांचं दुखनं बायांकडं जातं. आयचं तुमा दोघींकडं आलं. माझा काय संबंध?"

"तू पन तिच्याच पोटातून आलास ना? का तुला कंपनीत बनवलाय?"

शेजारी उभ्या भावजयीने तोंड फिरवलं. तिला हसू आलं होतं. भावाला नाही आलं.

"आनि कागदावर आलं म्हंजे?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "मोठीचं वाशिंदचं स्थळ हातात हाय. पोरींच्या रक्तात खोट हाय म्हनून गावभर सांगू? तू लग्न करून गेलीस ताई, तुझं दुखनं तुझ्या घरी. माझ्या घरात आनू नको."

माझा भाऊ अडाणी नाही. दर वर्षी जयंतीला विहारापुढे त्याचं भाषण असतं आणि ते चांगलं असतं. माझ्या ऑपरेशननंतरच्या जयंतीला मी पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, पुढच्या रांगेत बसले होते. माईकवर तो म्हणाला, "तपासल्याशिवाय काहीही मानू नका. बुद्धीला पटेल तेच घ्या." टाळ्या पडल्या. पूर्ण भाषणात त्याने एकदाही पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही.

मोठी भाची लग्नाची ब्लाऊजं द्यायला दुकानात आली. पडद्याआड उभी असतानाच तिने विचारलं, "आत्या, पप्पा काय लपवतात?" मी सगळं सांगितलं. ती माझ्यासारखी आहे, रडत बसली नाही. पुढच्या आठवड्यात तिने सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी इस्पितळात गेलो. सज्ञान मुलगी, तिची सही, तिचं रक्त. रिपोर्ट लग्नानंतर आला. दोष नव्हता. फोनवर तेवढी ती रडली. मीही त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि बाहेरून जिलेबी आणून एकटीने खाल्ली.

मग तिने तो रिपोर्ट बापाला दाखवला. आनंदाच्या भरात दाखवला, तिचा दोष नाही. पुढच्या रविवारी भावाने मला सापगावला बोलावलं. रिपोर्टची झेरॉक्स काढून त्याने शोकेसमध्ये, धाकटीच्या शाळेतल्या ट्रॉफीला टेकवून ठेवली होती.

"बघितलंस? माझ्या घरात नाय," तो म्हणाला. "आता हे तुझंच इज्ञान हाय."

मी समजावलं. मोठीत आला नाही एवढंच ठरलं. तुझ्यात आहे की नाही ते अजूनही माहीत नाही, आणि असेल तर धाकटीची शक्यता जेवढी होती तेवढीच आहे. एका रोपाला कीड लागली नाही म्हणून कुणी खाचरभर भात निरोगी धरतं का? त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमी कागद मानत नव्हतो तवा कागद मान म्हनालीस. आता मानला तर हा कागद नाय चालत. तुला नक्की पायजे काय?"

धाकटी दारात उभी होती. मी तिलाच म्हटलं, तुझं तुला तपासावं लागेल. आत्ता नाही, डॉक्टरांनी पंचविशीच्या आसपास सांगितलंय. तोवर महिन्यातून एकदा हाताने बघत जा, मी शिकवते.

"ताईचं नाय निघालं तर माझं कशाला?" ती म्हणाली. "आत्या, तुला सगळ्यांनाच तुझ्यासारखं करायचंय."

कुणी तिला दटावलं नाही. भावजयीनेही नाही.

जे घर रिकाम्या हाती नाही म्हणत होतं, त्याला नाही म्हणायला कागद मीच आणून दिला. मी मोठीला नेलं नसतं तर निदान शंका राहिली असती. शंकेने माणूस कधी तरी वळतो.

त्यानंतरही मी दर महिन्याच्या एक तारखेला धाकटीला मेसेज करायची, "या महिन्याचं बघितलंस का?" निळ्या टिका यायच्या, उत्तर यायचं नाही. गेल्या महिन्यात एकच टिक आली. दोन दिवस थांबले, एकच. मग वाशिंदला मोठीच्या घरी गेले आणि तिला म्हटलं, तू बोल तिच्याशी, तुझं ती ऐकेल.

मोठी चहा गाळत होती. नवऱ्याच्या खोलीचं दार उघडं होतं. ते तिने पुढे होऊन लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, आता पुरे कर ना. तिच्या स्थळाचं चाललंय."